यिशुनची लाइन

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी फायबरवाला येऊन नवीन बॉक्स बसवून गेला. घरचा फोन आता या बॉक्सच्या पाठीमागे लागतो. फोन चालतो. मॉडेम चालत नाही.

संध्याकाळी अरविंद नेहमीच्या वेळी टेबलाशी बसला. पडद्यावर 'नो डायलटोन'. परत लावलं, परत तेच. मी रिसीव्हर कानाला लावून पाहिला. टोन व्यवस्थित येतोय, फक्त पूर्वीपेक्षा बारीक, वेगळ्या सुराचा. माणसाला कळतो, मॉडेमला ओळखू येत नाही.

अ.ने टेबलावर मूठ आपटली. पाटीवर लिहिलं, 'बापू वाट बघत असेल.' पुसलं. मग काही लिहिलं नाही.

मधुराला फोन केला. लेक इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "आई, व्हॉट्सअ‍ॅप आहे व्हॉट. डायल-अप कोण वापरतं लाह? म्युझियममध्ये द्या ते."

तिला काय सांगू. बापू, अ.चे जुने दोस्त, यिशुनला मुलाकडे राहतात, त्यांना ऐकू येत नाही. अ.चं स्वरयंत्र गेल्या वर्षी कॅन्सरबरोबर काढून टाकलं. दोघांनी सारी उमर याच धंद्यात घालवली, दुसऱ्यांच्या ऑफिसांतले टर्मिनल फोनवरून जोडून द्यायचे. बापूंच्या मोबाइलमध्ये सून डोकावते, अ.च्या मोबाइलमध्ये मधुरा. पडद्यावरचं मात्र वर सरकतं आणि जातं. कुठे साठत नाही. म्हणून हे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अ. सकाळी स्पीच थेरपीला गेला, बसने, एकटाच. मी यायचं नाही असं त्याने पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.

तो नसताना टेबलाशी बसले. जुनं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं. डायलटोनची वाट न बघता सरळ नंबर फिरव, असं मॉडेमला सांगता येतं. ए टी एक्स तीन. इतकंच.

संध्याकाळी त्याच्यासमोर तसं टाइप केलं. नंबर फिरला. यिशुनला घंटी गेली. मग तो आवाज, आधी शिट्टी, मग खरखर, मग दोन मांजरी एकमेकींवर धावल्यासारखं. किती वर्षांनी इतक्या जवळून ऐकला. डोळ्यांत पाणी आलं, उगीच.

पडद्यावर मात्र कचरा. कंस, तिरक्या रेघा, कुठलीही अक्षरं. मग 'नो कॅरियर'.

अ.ने लिहिलं, 'तुला नाही जमणार.'

७ फेब्रुवारी, शनिवार

जमलं.

नव्या बॉक्समधून आवाज चिरून जातो. माणसाचं बोलणं कळतं, मॉडेमचं भरभर बोलणं कळत नाही. म्हणून मॉडेमला हळू बोलायला लावायचं. वेग उतरवत उतरवत बाराशेवर आणला. चुका दुरुस्त करायची त्याची आपली आपली धडपड असते तीही बंद केली, कारण त्यातच तो धापा टाकतो. 'कनेक्ट १२००'. लाइन टिकली.

तरी निम्मी अक्षरं बरोबर, निम्मी भलतीच. हे वेगळं दुखणं, हे मला आठवलं. फोर्टच्या शिपिंग ऑफिसात टेलेक्सवर होते तेव्हाचं. कचरा सरसकट असेल तर लाइन वाईट. ठरावीक अक्षरंच चुकत असतील तर लाइन चांगली आहे, दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. बापूंचं मशीन जुन्या सवयीने सात बिटांचं. आपलं सगळं नव्याने मांडताना आठवर गेलेलं. सात केलं. आणि पडद्यावर स्वच्छ:

काय रे मेलास की काय

अ. हसला. आता त्याचं हसणं म्हणजे गळ्याच्या भोकातून येणारी फुसफुस. तो हसला आणि माझ्याकडे न बघता हाताने खूण केली. जा.

मी उठले, दार ओढून घेतलं.

८ फेब्रुवारी, रविवार

लाइन मध्येच तुटली. कारण मधुराचा फोन. बोलत असताना दुसरा फोन आला की कानात एक 'पीं' येतो, त्या 'पीं'ने मॉडेम घाबरतो. कॉल वेटिंग काढून टाकलं. मधुरा रागावली, "मग मी कॉल केला की नेहमी एंगेज्ड का?"

आम्ही या देशात नवीन आलो तेव्हाचे दिवस आठवले. अ. रोज संध्याकाळी घरून ऑफिसच्या मशीनला जोडलेला. फोन त्याच्याकडे अडकलेला. आईला डोंबिवलीला फोन लावायचा तर मी तिष्ठत. कधी कधी मुद्दाम आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलायची. लाइन तुटायची. अ. ओरडत बाहेर यायचा, "शैल, अगं तू परत?" मी म्हणायची, चुकून. तो कपाळाला हात लावायचा, आणि आलाच आहे तर चहा घेऊन जायचा.

११ फेब्रुवारी, बुधवार

आता असं ठरून गेलं आहे. संध्याकाळी मी बसते. आदेश मी टाइप करते, कारण केमोनंतर अ.च्या बोटांना मुंग्या असतात, एक अक्षर चुकलं की मॉडेम 'एरर' म्हणतो आणि अ. कीबोर्ड हाणतो. 'कनेक्ट' आलं की तो हात हलवतो. मी जाते.

दुपारी विजा कडाडायला लागल्या की तो प्लग काढतो. काढला की मॉडेम सगळं विसरतो. हे सगळं मॉडेममध्ये कायमचं साठवायचा एक आदेश आहे. मला माहीत आहे. मी साठवत नाही.

जेवताना मी बोलते. तो जेवतो. आज पाटीवर लिहिलं, 'मीठ.'

काल मी विचारलं, "गळ्याला लावायचं ते यंत्र दिलंय ना हॉस्पिटलने, त्याचं काय झालं?" त्याने पूर्वी लिहिलं होतं तेच लिहिलं, 'जमत नाही. गळा कडक झालाय. थेरपिस्ट म्हणते आशा कमी.' मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने ठेवू दिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अ. थेरपीला. काल दोनदा लाइन तुटली होती, म्हणून एकटीच तपासायला बसले. लावली, लागली. बापूंकडे फोन आला की टेबलावर दिवा पेटतो, ते बघून ते येऊन बसतात. मला वाटलं होतं सकाळी ते झोपलेले असतील. 'मी वहिनी, लाइन तपासतेय' असं लिहायला बोटं ठेवली, तेवढ्यात पलीकडून यायला लागलं. बापू एका बोटाने टाइप करतात. अक्षर, मग अक्षर.

काय रे आज सकाळीच. थेरपी बुडवलीस

मी थांबले.

घरी अजून मुकाच ना. की चुकून बोलून गेलास



पापी आहेस. तिकडे नर्सबाईशी त्या यंत्रावर गप्पा आणि घरी पाटीपेन्सिल. किती दिवस चालवणार

मी टाइप केलं, हो.

हो काय हो. वहिनीला कळलं तर

मी टाइप केलं, काय सांगितलं होतं मी तुला, का करतोय ते. परत म्हण.

 मग:

अरे तुझंच वाक्य. चाळीस वर्षं हिला उत्तरं देत आलो. आता देवाने सुटी दिली आहे. ती कशाला मोडू

मी लाइन तोडली. प्लग काढला. भाजी चिरली. अ. आला तेव्हा पोळ्या गरम होत्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

अ. खाली चालायला गेल्यावर कपाट उघडलं. यंत्र त्याच्या स्वेटरांच्या खाली. दाढीच्या मशीनएवढं. बटण दाबलं तर हातात गुणगुणलं. बॅटरी भरलेली.

आमच्या शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, आवाज शेवटच्या बाकावरच्या मुलीपर्यंत गेला पाहिजे, आणि तिला वाटलं पाहिजे की तो तिच्यासाठीच निघाला आहे. सकाळची प्रार्थना सांगायला त्या मलाच उभं करायच्या. टेलेक्स बिघडला की मी फोनवर तक्रार नोंदवायची, आणि पलीकडचा इंजिनियर म्हणायचा, "नीट ऐकू आलं नाही, परत सांगा." लग्नानंतर कबूल केलं की नीट ऐकू यायचं. तो अ.

यंत्र होतं तसं ठेवलं. स्वेटरांची घडी होती तशी.

संध्याकाळी मी बसले. टाइप केलेलं पडद्यावर दिसू नये असाही एक आदेश असतो. आधी तो दिला. मग वेगाचा आदेश गाळला. मॉडेम आपल्या पूर्ण वेगाने धावला, ओरडला, पडला.

'नो कॅरियर'.

अ. माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं कोण जाणे," मी म्हटलं. "नवीन बॉक्स आहे ना. उद्या बघू."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चिनी नववर्ष. खाली सिंहनृत्याचे ढोल. समोरच्या मादाम गोह संत्री देऊन गेल्या. "अंकल ओके?" विचारलं. मी म्हटलं, "ओके." अ.ने मान डोलावली, दोन्ही हात जोडले, छान हसला. लोकांशी तो छान हसतो.

संध्याकाळी नो कॅरियर.

आज त्याने स्वतः टाइप करून पाहिलं. एरर. एरर. एरर. बोटं तोंडात धरून बसला, लहान मुलासारखा. मला फार जवळ घ्यावंसं वाटलं. मऊ खिचडी केली, वर तूप. गिळायला सोपी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

थेरपीचा दिवस. आदेश सगळे बरोबर दिले. कनेक्ट १२००.

कुठे होतास. रोज संध्याकाळी दिव्याकडे बघत बसतो

लाइन खराब आहे, मी टाइप केलं. फक्त सकाळी लागते.

अ. कसा लिहितो ते मला ठाऊक आहे. तुटक, विरामचिन्हांशिवाय. माझ्या आईला पत्रं तो असाच लिहायचा आणि मी खाली दोन पानं जोडायची.

मी विचारलं, तिच्याबद्दल मी आणखी काय काय म्हणालोय. डोक्यात राहत नाही हल्ली.

केमोने डोकं पण गेलं का तुझं. म्हणालास सकाळी डोळे उघडल्यापासून घरात प्रार्थनासभा असते. म्हणालास कॉन्व्हेंटवाल्यांना शांतता म्हणजे कुणीतरी चूक केली आहे असं वाटतं. आम्ही हसलो होतो

हो, मी टाइप केलं. हसलो होतो.

मग बापूंनी लिहिलं:

पण बाई चांगली आहे रे. तुला बोलता येतं आणि तू बोलत नाहीस. मला ऐकू येत नाही म्हणून या घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. सून मोबाइलवर लिहून दाखवते, जेवण झालं का. बस

पुढची ओळ आली: 

महिनाअखेरीला मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवतायत. जुरोंगकडे कुठेतरी. ठरलं आहे. मुलगा म्हणतो तिथे डॉक्टर असतात. फोन नाही मशीन नाही. तू रविवारी ये. यंत्र घेऊन ये. मला ऐकू येणार नाही पण तू बोल, मी तुझ्या गळ्याला बोट लावून बघतो तुझा नवा आवाज कसा आहे

मी टाइप केलं, येतो.

मग ताट-वाट्या घासल्या. बाईला सुटी होती असं नाही, बाई नाहीच आमच्याकडे. उगीच घासलेल्या परत घासल्या.

अ.ला सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

बापू वाट बघत असतील. सून त्यांना चांगला शर्ट घालत असेल की नाही कोण जाणे. ते स्वतः घालतील.

अ.ने पाटीवर लिहिलं, 'यिशुनला फोन कर. केतकीला विचार बापू बरा आहे का.' केतकी म्हणजे बापूंची सून.

मी आतल्या खोलीत गेले. थोडा वेळ पलंगावर बसले. बाहेर येऊन म्हटलं, "केला. सगळं ठीक आहे म्हणते. त्यांच्याकडेही नवीन बॉक्स बसवलाय, म्हणून लागत नसेल."

त्याने मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास आहे. याची मला कल्पना नव्हती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मनाशी ठरवलं. त्याने तोंडाने विचारलं तर मी लाइन लावून देईन. त्याच क्षणी. एकदाच विचारावं, काहीही म्हणावं.

संधी दिली. पोळी वाढता वाढता म्हटलं, "यंत्राचं काही जमतंय का रे? थेरपिस्टला मी फोन करून विचारू का?"

तो चटकन उठला. सिंकवर हात धुतले. परत येऊन लिहिलं, 'नको. उगाच तुला वाईट वाटेल ऐकून.'

कसं लिहिलं ते. इतक्या मायेने.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बापूंशी.

आला नाहीस

बरं नव्हतं.

सून म्हणाली कोणी येत नाही तुमच्याकडे बाबा, उलट तिथे सोबत मिळेल. मी म्हटलं अरविंद येणार आहे. दुपारपर्यंत म्हणत होतो



परवा नेतायत. आज आणि उद्या संध्याकाळी मशीनपाशी बसून राहतो. काहीही करून लाव. शेवटचं रे

लावतो.

वहिनीला सांग ना. ती लावून देईल. तूच म्हणालास ना तिने सात बिट ओळखले. म्हणालास मला जे सुचलं नाही ते तिला सुचलं, लग्न केलं तेव्हाची शैल दिसली एकदम

हे अ. म्हणाला होता. दार लावून. मला जा म्हणाल्यावर.

संध्याकाळी बसले. बोटं आपोआप बरोबर आदेशाकडे जात होती. मी त्यांना वळवलं. नो कॅरियर. परत. नो कॅरियर.

अ. उठला. कपाट उघडल्याचा आवाज. येऊन माझ्या मागे उभा राहिला. गुणगुण सुरू झाली आणि त्यातून शब्द. सपाट, चढउतार नसलेले, डबक्यातून आल्यासारखे. पण शब्द स्पष्ट.

"शैल. लाव गं. प्लीज."

मी मागे वळले नाही. म्हटलं, "काय म्हणालास?"

"बापूला. लाव."

"परत सांग, नीट कळलं नाही."

"बापूला लाव. काय वाटेल ते कर."

म्हणजे त्याने विचारलं. तोंडाने. मी ठरवलं होतं.

पण लावली असती तर कनेक्ट आलं असतं, आणि त्याने हात हलवला असता. मी दार ओढून घेतलं असतं. यंत्र परत स्वेटरांखाली.

म्हणून मी म्हटलं, "तू सांग, काय करू? मला तर काही सुचत नाही."

खुर्ची ओढून तो शेजारी बसला. जसा पूर्वी ऑफिसात शिकाऊ पोरांच्या शेजारी बसायचा. यंत्र गळ्याला.

"एक्स तीन घातलंस?"

"घातलं."

"वेग?"

"बाराशे."

"सहाशे कर. तीनशे कर."

"केलं."

"वायर बदल. दुसरी कुठेय?"

"तुझ्याच खणात असेल. तू कधी काही टाकतोस?"

"मी टाकतो. तू उचलून परत ठेवतेस."

मी हसले. तोही हसला, आणि हसताना यंत्र गळ्यालाच होतं, त्यामुळे त्याचं हसणं गुणगुणलं. आम्ही दोघं थबकलो. मग परत हसलो. वायर सापडली. बदलली. एकदा तो म्हणाला, "मी मागेच बोलणार होतो. सराव होत होता." मी म्हटलं, "हो ना."

जेवायची वेळ टळून गेली तरी आम्ही बसलो होतो. इतकी चांगली संध्याकाळ कित्येक वर्षांत गेली नव्हती. हे लिहिलं पाहिजे. खरं आहे ते लिहिलं पाहिजे.

यिशुनमध्ये दिवा पेटत होता आणि विझत होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही तेच. आजही बोलला. वरणात मीठ कमी आहे म्हणाला, आवाजाने म्हणाला. मधुराला फोन करून तिच्याशीही बोलला. ती रडली. "आई, पप्पा सो क्लिअर! तू सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "मलाही कालच कळलं."

संध्याकाळी लाइन नाही.

२ मार्च, सोमवार

बापूंना परवा नेलं असणार.

आज आदेश सगळे खरे दिले. पडद्यावर दिसू दिले. नंबर फिरला, आणि स्पीकरवर रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज, हा नंबर आता वापरात नाही. मॉडेमला बाई कळत नाही. तो त्याच्या शिट्टीची वाट बघत राहिला आणि म्हणाला, नो कॅरियर.

अ. तेव्हा पाणी आणायला आत गेला होता. मी स्पीकरचा आवाज शून्यावर आणला.

"लागलं?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"उद्या मी एक वेगळं बघतो," तो म्हणाला. "नव्या बॉक्समध्येच एक सेटिंग असतं. प्रतिध्वनी दाबून टाकायचं. ते काढून टाकू. तू टाइप कर, मी सांगतो."

"चालेल," मी म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

केतकीचा मेसेज. आधी सॉरी काकू, गडबडीत कळवायचं राहिलं. बाबा होममध्ये रुळले नाहीत अजून. पत्ता दिला आहे, जुरोंग ईस्टहून बस. भेटायला दुपारी कधीही या. मग लिहिलं आहे:

'बाबा सारखे बोट स्वतःच्या गळ्याला लावून दाखवतात आम्हाला. काय हवंय कळत नाही. डॉक्टरने घसा तपासला, सगळं नॉर्मल आहे. अरविंदकाकांना काही माहीत आहे का?'

मोबाइल उलटा ठेवला.

अ. थेरपीहून आला. बसमध्ये एका लहान मुलीने त्याचा आवाज ऐकून आईला 'रोबोट' म्हटलं, ते मजेने सांगत होता. पूर्वी असं काही झालं की आठवडाभर तोंड पाडून बसायचा. मी चहा केला. तो सांगत राहिला, मी ऐकत राहिले. मध्ये मी फार कमी बोलले. तो म्हणाला, "आज गप्प का तू?"

केतकीला उत्तर दिलं नाही. सांगितलं तर हे संपेल. कसं संपेल ते मला दिसतं. ओरडणार नाही तो, ओरडता येत नाही त्या यंत्रावर. तो फक्त ते खिशात ठेवेल.

६ मार्च, शुक्रवार

बॉक्समधलं प्रतिध्वनी दाबायचं सेटिंग काढलं. वायर तिसरी लावली. अ. सांगतो, मी करते. त्याने मला दुपारी खुर्चीत पेंगताना पाहिलं आणि यंत्र गळ्याला जेमतेम टेकवून, अगदी हळू, "शैल, आत जाऊन झोप" म्हणाला. हळू बोलता येत नाही त्या यंत्रावर. त्याने प्रयत्न केला.

जुरोंगमध्ये बापू गळ्याला बोट लावून बसले असतील.

८ मार्च, रविवार

जेवण झाल्यावर अ. कपडे करून बाहेर आला. निळा शर्ट. गळ्याचं भोक झाकायचा नवा रुमाल. खिशात यंत्र.

"लाइन लागत नाही तर नाही," तो म्हणाला. "आपण दोघं जाऊन येऊ बापूकडे. मलाच लाज वाटत होती लोकांत जायची. आता नाही वाटत. तू सोबत आहेस."

मी म्हटलं, "आज?"

"आजच. त्याला कळवायला नको. दारात उभं राहू."

मी म्हटलं, "थांब, साडी बदलते."

साडी बदलून झाली. पलंगावर बसून हे लिहिते आहे. बाहेर तो बूट घालून बसला आहे. यिशुनच्या त्या खोलीत आता काय असेल. नातवाचं टेबल असेल. केतकी दार उघडून म्हणेल, काका, मी काकूंना कळवलं होतं की.

सगळं आताच सांगावं. नाहीतर फक्त होमचं सांगावं, मेसेज आज आला म्हणावं. बापूंना ऐकू येत नाही, पण ते लिहितात. लिहितील, तू सकाळी म्हणालास येतो. कुठल्या सकाळी, अ. विचारेल.

"शैल, चल गं. उशीर होईल."

आले.

आमच्या क्लेमेंटीहून यिशुनला जायचं असो की त्या होममध्ये, आधी जुरोंग ईस्टलाच उतरावं लागतं. एकच स्टेशन. तिथपर्यंत गाडी तीच.